पावसाळ्यात मी तिथं नव्हतो

हस्त नक्षत्र लागून चार दिवस झाले. सकाळी ऊन असं कडक पडतंय की सोयाबीनच्या शेंगा झाडावरच खुळखुळायला लागल्यात. लोक खूश आहेत. ताडपत्र्या झटकून ठेवल्या, मळणीच्या मशीनला नंबर लावले. आमच्या बिदर भागातल्या मन्नाएखेळ्ळीच्या बाजारातून येणाऱ्या गाडीत सगळ्यांच्या तोंडी एकच, अजून आठ दिवस असंच राहू दे. मी कुणाच्या बोलण्यात पडत नाही. दुपारचे दोन वाजले की मला घरात बसवत नाही. बाहेर येतो आणि उत्तरेकडं बघतो. तिकडं लाल मातीचा माळ आहे. माझ्या डोक्यावर काय आहे ते मी बघत नाही. आपल्या डोक्यावरच्या आभाळाला भ्यायचं कारण नाही, हे मला गेल्या वर्षी कळलं. भ्यायचं ते दुसऱ्याच्या डोक्यावरच्या आभाळाला.

मी भित्रा माणूस नव्हे. लांडग्याच्या मागं काठी घेऊन पळालोय. आमच्या ह्या भागात कधीमधी जमिनीच्या पोटातून गुरगुर येते, फळीवरची भांडी वाजतात, लोक लेकरं काखेत मारून रस्त्यावर येतात. तेव्हाही मी बाजेवरून उठलो नाही. मरण आलं तर बाजेवर येऊ दे म्हणायचो. आता सकाळी नळ सुटतो, रिकाम्या घागरीत पहिली धार पडते, तेवढ्या आवाजानं मी उठून दाराबाहेर येतो. माणूस सत्तरीच्या पुढं जाऊन नव्यानं भ्यायला शिकतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

आम्ही मेंढरंवाले. बापाची मेंढरं माझ्याकडं आली, माझ्यानंतर कुणाकडंच गेली नाहीत. पोरगं हैदराबादला असतं, त्याला मेंढराचा वास चालत नाही. आमच्या कामाची रीत अशी, की काळ्या रानात पावसाळ्यात राहायचं नाही. काळी माती भिजली की चिकटते, मेंढराचे खूर कुजतात, लंगडून लंगडून जनावर मरतं. म्हणून मृगाच्या तोंडावर कळप घेऊन वर लाल माळाला जायचं. तिथं मुरूम, पाणी थांबत नाही, खूर कोरडे राहतात. दिवाळी झाली, खाली जोंधळा घोट्याएवढा झाला, की हळूहळू उतरायचं. मग उन्हाळाभर ज्याच्या त्याच्या रानात जाळी लावून मेंढरं बसवायची. लेंड्यांनी रान सुपीक होतं. बायका आणि लहान लेकरं मात्र बाराही महिने खाली गावात. माझी बायको तीस-पस्तीस पावसाळे खाली एकटी राहिली आणि मी वर.

आमच्या गावाच्या पल्याड, हायवेच्या वरच्या अंगाला एक सपाट रान होतं. मेंढरं बसवायला त्याच्यासारखी जागा नव्हती. भर उन्हाळ्यात सगळं रान भेगाळून तोंड वासून पडलेलं, आणि ह्या तुकड्यात पाय ठेवला की तळव्याला गार लागायचं. बांधाच्या कडेला हिरवं गवत असायचं. गाभण मेंढ्या आपण होऊन तिकडं वळायच्या आणि मातीत पोट टेकून बसायच्या. मी शेजारी घोंगडं अंथरून पडायचो, मातीचा ओला वास नाकात यायचा. वाटायचं, देवानं आपल्यासाठीच राखून ठेवलेली जागा. ती गार कामून असती, एवढं मात्र मी स्वतःला विचारलं नाही. मेंढराला कळत होतं पण त्याला फक्त बसण्यापुरतं कळत होतं. मला तर तेवढंही नाही.

पुढं त्या रानात प्लॉट पडले. दगड रोवले, पांढरा चुना मारला, मधून मुरमाचे रस्ते काढले. गाड्यांतून माणसं यायची. मास्तर, तलाठ्याच्या ऑफिसातले लोक, हायवेवर हॉटेल टाकलेला मस्तान. मी अजून एका कोपऱ्यात मेंढरं बसवून होतो. माणसं प्लॉटवाल्याला विचारायची, हा भाग खोलगट दिसतो, पावसाळ्यात पाणी थांबतं का? प्लॉटवाला बोलायचा नाही, बोट माझ्याकडं करायचा. "त्या अप्पाला विचारा. त्याच्याएवढं हे रान कुणी बघितलं न्हाई."

आणि मी छाती काढून सांगायचो, "तीस वर्षं झाली मी हितं मेंढरं बसवायलोय. कधी टिपूस साचलेला बघितला न्हाई."

मला कुणी चहासुद्धा पाजला नाही त्याच्यासाठी. फुकट बोललो. शिकलेली माणसं आपल्याला विचारतात ह्याची ऊब होती, बाकी काही नाही. आणि मी खोटंही बोललो नव्हतो. तीस वर्षं बसवत होतो हे खरं. पाणी बघितलं नव्हतं हेही खरं. दोन खऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून मी केवढं खोटं उभं केलं, ते माझ्या ध्यानात आलं नाही.

बायकोच्या आलं. संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं ऐकून घेतलं, पीठ झटकलं आणि म्हणाली, "आन् पावसाळ्यात तुमी कुठं असता?"

"कुठं म्हंजे? माळाला."

"मग तुमाला काय ठावं? त्या रानात दर दोन-तीन वर्साला पाणी येतंय. कमरंएवढं."

"बायकांला रानाचं काय कळतंय. भाकर टाक."

तिनं भाकरी टाकली. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. तिच्या अंगात तो गुणच होता. एकदा सांगायचं, न ऐकलं तर आपलं काम करायचं. मेंढरं विकून मी तिथंच दोन खोल्या बांधल्या, तेव्हाही ती काही बोलली नाही. फक्त राजमिस्त्रीला सांगून माळा दोन हात वर घ्यायला लावला आणि जोंधळ्याचं पोतं कायम वर ठेवत गेली. मी चेष्टा करायचो. म्हणायचो, उंदीर शिडी लावून येतील आता.

दोन पावसाळे कोरडे गेले. मग गेल्या वर्षीचा हस्त. दुपारची वेळ, ऊन होतं. आमच्यावर चार थेंब सुद्धा नव्हते. उत्तरेला माळावर मात्र काळंकुट्ट होतं आणि वीज नुसती लकलक करत होती, आवाज येत नव्हता. मी दारात बसून उरलीसुरली लोकर पिंजत होतो. आधी कुत्री उठली. मग एक वास आला, लाल मातीचा. माझ्या ओळखीचा वास, माळावरचा. मला बरं वाटलं, खरं सांगतो. जुनी आठवण आल्यागत वाटलं. आणि मग घरामागून आवाज आला, कुणी कोरडी पानं तुडवत येतंय तसा. खूप माणसं, हळू पावलानं.

ती आतून बाहेर आली, हात पुसत. मागं बघून म्हणाली, "आलं."

ठरलेला पाहुणा आल्यासारखी म्हणाली. घाबरली नाही. कोंबड्या माळ्यावर टाकल्या, चुलीवरचं पातेलं उचललं, मला म्हणाली, बाजेवर चढा. पाणी लाल होतं. हायवे उंच बांधलेला, त्याच्या खालच्या दोन नळ्यांतून एवढं पाणी कुठलं निघतंय. ते हायवेला जाऊन टेकलं आणि तिथून उलटं आमच्याकडं चढत आलं. वरून येणारं आणि खालून परतणारं, दोन्हीच्या मधी आम्ही. बाजेचे पाय बुडाले, मग सुंभ भिजलं. मी तिचा दंड धरला होता आणि माझे दात वाजत होते. थंडीनं नव्हे.

तिथं बाजेवर उभं असताना मला एक गोष्ट कळली, आणि त्या दिवसापासून ती माझी मान सोडत नाही. हे पाणी मी बघितलेलं होतं. तीस वर्षं बघितलेलं होतं. माळाच्या कडेला घोंगडं पांघरून मी बसायचो, आणि मुरमावरून हेच लाल पाणी खळाळत कडेवरून खाली उतरून जायचं. मी बिडी ओढत त्याच्याकडं बघायचो. बरं झालं, निघून गेलं म्हणायचो. ते जातं कुठं, असं एकदाही मनात आलं नाही. खाली माझीच बायको पदर खोचून उभी असायची.

दोन तासांत ओसरलं. माणूस दगावलं नाही. आमच्या ह्या प्लॉटांच्या, म्हणजे लेआउटच्या, सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, बागेसाठी सोडलेल्या जागेत अंगणवाडीची खोली आहे. त्या दिवशी सुट्टी होती, कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या अक्कांनी दार उघडलं तेव्हा आम्ही चार-पाच जण होतो. भिंतीवर कोंबडा, हत्ती, आंबा काढलेला. चिखलाची रेघ हत्तीच्या डोळ्यावरून गेली होती. अक्का भिंतीशी गेल्या. रेघेशी हात धरला, मग तोच हात तसाच पुढं आणला, आणि जिथं लेकराचं डोकं येतं तिथं थांबवला. हात डोक्याच्या वर होता.

घरी चिखल काढताना ती म्हणाली, "आता तरी लोकांला सांगा. दर दोन-तीन वर्साला येतंय म्हणून."

"आधी घर तर धू," म्हणालो मी.

तिला तिथंच खोकला धरला. ओल्या भिंती, ओली वाकळ. आधी आल्याचा रस, मग गोळ्या, मग बिदरचा दवाखाना. डॉक्टर म्हणाला, छातीत पाणी झालंय.  दिवाळीच्या आत गेली. मेंढरं असती तर मी त्या वेळी माळावरून उतरायच्या तयारीत असतो. पुरानं मारलं असं मी म्हणत नाही. म्हातारी होती, खोकला झाला. पण मी रातंदिवस दुसरं काहीही म्हणून बघितलं, ते घशाखाली उतरत नाही.

ती गेल्यावर लोक बसायला यायचे. चार दिवस तिचं बोलून झालं की गोष्ट पाण्यावर यायची. मस्तानच्या हॉटेलात तर रोजच. एक जण म्हणायचा, अवो, कधी न्हाई ते झालं. दुसरा म्हणायचा, अप्पा हायत की साक्षीला, तीस वर्षांत आलं न्हाई. मग मस्तान कपात चहा ओतता ओतता सगळ्यांचा निकाल लावायचा, "तो अब और तीस साल फिकर नक्को. अपन तब तक रहते क्या?" सगळे हसायचे. मी चहा प्यायचो. माझ्या एका वाक्यावर लोकांनी घरं बांधली होती, आणि आता त्याच वाक्याची उशी करून परत निजायला लागले होते. अंगणवाडीला नवा रंग दिला. हत्ती पुन्हा काढला, आधीच्यापेक्षा मोठा.

का गप्प बसलो? लाज वाटली. एवढंच. ह्याच्यापेक्षा मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

ह्या वर्षी श्रावण सरताना कॉलेजची पोरं आली. त्यांना घेऊन आलेल्या वैजयंती मॅडम आमच्याच लेआउटात राहतात, कॉलेजात भूगोल शिकवतात. त्यांचाही प्लॉट माझ्या बोलण्यावर घेतलेला. गावं वाढतात तेव्हा पाण्याच्या वाटा कशा बुजतात, आणि पोरांना आपल्याच जागेचा धोका कसा शिकवायचा, असं काहीतरी त्यांचं संशोधन चालू आहे. मला म्हणाल्या, "अप्पा, माझी मुलं परीक्षेत महापुराची सात कारणं लिहितात. आणि घरामागचा ओढा नकाशात दाखवा म्हटलं तर बोट कुठं ठेवावं ते कळत नाही." म्हणून पोरं दारोदार फिरत होती. चिखलाच्या रेघा मोजायच्या, विचारायचं, कागदावर लिहायचं.

माझ्याकडं अंबिका नावाची पोरगी आली. दोन वेण्या, पायात रबरी चप्पल, चिखलाला न भिणारी. जात्याजवळ मांडी घालून बसली. तिच्या कागदावर एक रकाना होता, यापूर्वी पाणी आलं होतं का, कधी, कुठपर्यंत. ती म्हणाली, "अप्पा, सगळ्या घरात ह्याचं उत्तर एकच मिळालंय. न्हाई. अप्पाला विचारा. म्हंजे तुमाला." आणि पेन टेकवून बसली. "न्हाईच लिहू का?"

मी म्हणालो, लिही. तिनं लिहिलं. न्हाई हा शब्द लिहायला किती कमी वेळ लागतो. ती उठून दारापर्यंत गेली, चप्पल घातली. बाहेरून अंगणवाडीतल्या लेकरांचं ओरडणं येत होतं, कन्नडमधे आकडे म्हणत होती. मला त्या अक्कांचा हात दिसला. रेघेशी धरलेला.

"थांब," म्हणालो मी. "खोड ते. मॅडमला बोलीव."

मॅडम आल्या, मागून चार पोरं आली, मस्तान दूध घ्यायला चालला होता तोही फाटकाशी थांबला. मी उभा राहून सांगितलं. पावसाळ्यात मी हितं नव्हतो. त्या तीस वर्षांत एकाही पावसाळ्यात नव्हतो. मेंढरं घेऊन माळाला असायचो. मी बघितलं न्हाई हे खरं हाय, पण मी असतोच कुठं बघायला. माझी बायको हितं असायची. ती म्हणायची, दर दोन-तीन वर्साला येतंय, कमरंएवढं.

 मस्ताननं दुधाचं भांडं ह्या हातातून त्या हातात घेतलं. "अप्पा," तो म्हणाला, "तुमारे बोलने पे घर बांधा मैं. तीन बच्चे हैं मेरे." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोसलं असतं. तो गेला, आणि तेव्हापासून मला चहा त्याचा पोऱ्या देतो, मस्तान देत नाही.

मॅडम ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "मी पण विचारलं नाही अप्पा. भूगोल शिकवते मी. तुम्ही मेंढपाळ आहात हे दिसत होतं. पावसाळ्यात कळप कुठं जातो, हे मी वर्गात शिकवते. आणि दारात उभ्या माणसाला विचारलं नाही."

मग त्या पोरांनी मला धरलं. कुठवर यायचं? कोणत्या साली? कुठून शिरायचं? आणि मला काही येत नव्हतं. जिला ठाऊक होतं ती मातीत गेली होती. दर दिवाळीला मी माळावरून उतरलो की ती जेवायला वाढता वाढता पावसाळाभराचं सांगायची. मी जेवायचो, कोकरं किती जगली ते मनात धरायचो, हूं हूं करायचो. तीस दिवाळ्यांचं बोलणं माझ्या कानावरून निघून गेलं होतं. माळावरून पाणी गेलं तसं.

तरी पोरांबरोबर फिरलो. तीन दिवस फिरलो. अंबिका पुढं, मी काठी टेकत मागं. चालताना कुठं कुठं काहीतरी वर यायचं. म्हसोबाच्या दगडाशी आठवलं, ती म्हणाली होती की ह्या वर्षी म्हसोबा नाकापर्यंत बुडाला. जुन्या विहिरीशी आठवलं, कुणाची तरी शेळी इथून वाहत जाऊन बाभळीला अडकली होती. आता तिथं बाभूळ नाही, मॅडमच्या घराचं फाटक आहे. कधी निम्मंच आठवायचं. "काय तरी बोलली होती हितलं," म्हणायचो, आणि पोरं पेन धरून उभी राहायची. मला रडू यायचं ते ह्या निम्म्याचं. पोरं मात्र तेवढ्यालाही कागदावरच्या नकाशात टिंब द्यायची. टिंबाला टिंब जोडलं तर रेघ झाली. माळाच्या कडेवरून निघून, लेआउटच्या मधून, सरळ अंगणवाडीच्या दारात.

शेवटी अंबिकानं विचारलं, "अप्पा, सांगणाऱ्याचं नाव काय लिहू? तुमचं?"

"माझं कामून? माझं न्हाई."

"मग आजीचं नाव सांगा."

आमच्यात बायकोचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पन्नास वर्षं मी तिला 'अगं' आणि 'ऐकलीस का' वर चालवलं.  पोरगी वाट बघत होती.

"नागरबाई," म्हणालो मी. तिनं ते कागदावर लिहिलं, आणि मी वळून माळाकडं बघत राहिलो.

नकाशा मॅडमनी पंचायतीत दिला. पंचायतीतले लोक चांगलं बोलले. म्हणाले, अंगणवाडी हलवायला पाहिजे, जागा बघू, दिवाळीनंतर बघू. पोरांना शाबासकी दिली. आता दिवाळी लांब आहे आणि हस्त लागलाय.

म्हणून दोन वाजले की मी जाऊन अंगणवाडीच्या पायरीवर बसतो, चारला लेकरं घरी जाईपर्यंत. अक्का पहिल्या दिवशी म्हणाल्या, "अप्पा, उन्हात कामून बसायलाव?" मी माळाकडं काठी दाखवली. त्यांनी परत विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकरांना पायरीच्या बाजूला, दाराजवळ निजवलेलं मी बघितलं.

आज उत्तरेला काळं आलंय. वीज लकलक करायलीय, आवाज नाही. आत लेकरं झोपलीत, एकाच्या पायावर एकाचं डोकं. मी हातातली काठी बाजूला ठेवली, धोतर वर खोचलं. पाणी दिसल्यापासून कमरेला लागेपर्यंत किती वेळ मिळतो, ते मला आता माहीत आहे. माझ्या दोन हातांत दोन लेकरं मावतील, अक्कांच्या दोन. आत एकोणीस आहेत.